थंडी सोसणारे, मीठ पचवणारे

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. घरी ८२ वर्षांचे सासरे आहेत, त्यांचे पथ्यपाणी या बघतात. त्या विचारतात, ‘सासूबाईंनी घातलेले लिंबाचे लोणचे गेली सात वर्षे फळीवर आहे, त्याला काही होत नाही. फ्रीजमध्ये ठेवलेले पनीर मात्र चौथ्या दिवशी बुळबुळीत होते. थंडीत जंतू मरतात की झोपतात? आणि मिठात त्यांचे नेमके काय होते?’

थोडक्यात उत्तर असे, की फ्रीजच्या थंडीत बहुतेक जंतू मरत नाहीत, त्यांचे काम मंदावते. मिठातही पुष्कळसे जंतू मरण्याऐवजी अडून राहतात. आणि काही थोड्या जंतूंचे तर दोन्हींपैकी कशानेच फारसे अडत नाही. घरात वृद्ध माणूस असेल तर या थोड्यांची ओळख करून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी प्रथम फ्रीज आणि बरणी यांच्यापासून बरेच दूर, पृथ्वीच्या टोकाला जावे लागेल.

जंतू असो वा माणूस, पेशीतील प्रत्येक काम विकरे करतात. विकर म्हणजे एन्झाइम. पिठूळ पदार्थाची साखर करणारे लाळेतील अमायलेज हे विकर, दुधातील साखर फोडणारे लॅक्टेज हेही विकर. ही सारी प्रथिने असतात. अमिनो आम्लांचे शेकडो मणी ओवलेली एक लांब साळ विशिष्ट पद्धतीने गुंडाळली जाते, तिच्या पृष्ठभागावर एक खोबण तयार होते आणि त्या खोबणीत शिरलेल्या पदार्थाचा तुकडा पडतो किंवा जोड होतो. आपली विकरे ३७ अंश सेल्सिअसला सरावलेली आहेत. तापमान १० अंशांनी उतरले की साधारण विकराचा वेग निम्म्यावर किंवा एकतृतीयांशावर येतो. या हिशेबाने ३७ अंशांवरून फ्रीजच्या ४ अंशांवर आणलेल्या विकराचे काम दहापट ते चाळीसपट मंद होते. फ्रीज अन्न टिकवतो तो मुख्यतः एवढ्याच बळावर. तो मारेकरी नाही, तो वेळ मागून घेणारा आहे.

विकराचे काम थंडीत का मंदावते, हे समजण्यासाठी आपल्या पानाच्या डब्यातला अडकित्ता डोळ्यांपुढे आणावा. अडकित्त्याची खीळ घट्ट बसलेली असेल तर सुपारी चांगली कातरली जाते, पण दांड्या उघडायला-मिटायला जोर लागतो. विकरालाही आपली खोबण दर वेळी किंचित उघडावी-मिटावी लागते आणि त्यासाठी लागणारा जोर ते आसपासच्या उष्णतेतून घेते. उष्णता कमी झाली की खीळ आखडल्यासारखी होते. थंड प्रदेशातील सूक्ष्मजीवांनी यावर काढलेला उपाय सरळ आहे. त्यांनी खीळ सैल केली आहे.

ही खीळ कशी सैल होते, हेही आता ठाऊक झाले आहे. प्रथिनाच्या साखळीत प्रोलीन नावाचा मणी ताठ असतो, तो साखळीला वळू देत नाही. ग्लायसीन हा मणी लहान आणि लवचीक असतो. थंडीतील विकरांत बहुधा ताठ मणी कमी आढळतात आणि खोबणीच्या जवळ लवचीक मण्यांची सोय असते. साखळीचे पदर एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या धन-ऋण विद्युत्भारांच्या गाठी कमी असतात. आतला गाभाही इतका ठासून भरलेला नसतो. एखाद्या जागी एकच मोठा बदल झाला आहे असे सहसा दिसत नाही. शेकडो मण्यांपैकी काही मोजके मणी इकडचे तिकडे झालेले असतात आणि तेवढ्याने साऱ्या विकराची चाल बदलते.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अंटार्क्टिकाच्या समुद्रातील एका जीवाणूचे आहे. त्याला आज ‘स्यूडोअल्टेरोमोनास हॅलोप्लँक्टिस’ म्हणतात. बेल्जियममधील लिएज विद्यापीठात शार्ल गेर्डे, जॉर्ज फेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जीवाणूचे अमायलेज वेगळे केले आणि डुकराच्या स्वादुपिंडातील अमायलेजशी त्याची तुलना केली. डुकराचे हे विकर आपल्या स्वादुपिंडातील विकराच्या फार जवळचे आहे. दोघांची घडण इतकी सारखी, की सख्ख्या बहिणी म्हणाव्यात, खोबणीतील कामाचे मणीही तेच. पण हळूहळू तापवत नेले तर डुकराचे अमायलेज सुमारे ६५ अंशांना उलगडते आणि अंटार्क्टिकाचे सुमारे ४४ अंशांनाच. आपल्याकडच्या वैशाखातल्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली त्या विकराची घडी मोडून जाईल.

थंडीत चपळ राहण्याची ही किंमत आहे. सैल खिळीचा अडकित्ता सहज चालतो, पण जरा ताण आला की निखळतो. आणखीही एक किंमत असते. अशा विकराची पदार्थावरची पकड पुष्कळदा ढिली असते, म्हणजे कामाचा वेग मिळतो, पण हाती आलेला माल निसटण्याचे प्रमाण वाढते. शास्त्रज्ञांनी मात्र या नाजूकपणाचाही उपयोग करून घेतला. अंटार्क्टिकातील एका जीवाणूपासून मिळवलेले फॉस्फटेज विकर प्रयोगशाळेत डीएनएच्या टोकांवरील फॉस्फेट काढण्यासाठी वापरतात. काम झाले की थोडी मिनिटे तापवायचे आणि विकर कायमचे निकामी होते. वासराच्या आतड्यातून काढलेले जुने विकर इतक्या सहजासहजी हटत नसे, ते बाजूला काढण्याचाच एक वेगळा खटाटोप होता.

आता मिठाकडे येऊ. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. मीठ फोडींतले पाणी बाहेर ओढते. जंतूच्या पेशीतूनही ते असेच पाणी ओढते आणि पेशी सुकते. परंतु याच्या आत आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक प्रथिनाभोवती पाण्याचे एक पातळ आवरण असते आणि त्याच्या आधाराने ते प्रथिन आपली घडी सांभाळून पाण्यात मोकळे तरंगते. मीठ फार झाले की हे पाणी मिठाचे कण आपल्याकडे ओढून घेतात. आवरण गेलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात, त्यांचा साका बसतो. म्हणजे मिठात विकर केवळ मंद होत नाही, त्याचे अंगावरचे पांघरूणच जाते.

तरीही मिठात जीव आहेत. कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांचे बालपण गेले त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. उन्हाळ्यात मिठागरातील पाणी आटत आटत मीठ धरण्याच्या बेताला येते, तेव्हा त्या खाचरांत लालसर, गुलाबी झाक दिसते. हा रंग तेथे वाढणाऱ्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आणि ‘ड्युनॅलिएला’ नावाच्या शेवाळाचा असतो. हा रंग ऊन धरून ठेवतो आणि पाणी लवकर आटायला मदत करतो, म्हणजे मिठागराच्या धन्याला हे बिनपगारी कामगारच मिळाले. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा त्यामागे हेच हॅलोआर्किया जातीचे मीठप्रेमी जीव असल्याचे आढळले. इस्रायल आणि जॉर्डन यांच्यामधील मृत समुद्र सागरापेक्षा सुमारे दहापट खारट आहे आणि त्याचे नाव त्यात काही जगत नाही या समजुतीवरून पडले. त्यातही सूक्ष्मजीव राहतात हे १९३६ साली एका तरुण संशोधकाने दाखवून दिले. हे संशोधक पुढे बेंजामिन एलाझारी वोल्कानी या नावाने ओळखले गेले.

मिठात जगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत हट्टी माणसाची म्हणावी अशी आहे. बाहेर मीठ आहे ना, मग मीही आत क्षार भरून घेतो, म्हणजे बाहेरच्याला माझे पाणी ओढताच येणार नाही. हॅलोआर्किया पेशीत पोटॅशियमचा साठा करतात. आपल्याही पेशी आत पोटॅशियम आणि बाहेर सोडियम ठेवतात, पण आपल्या पेशीत ते लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते आणि या जीवांत ४,००० च्या वर जाऊ शकते. इतक्या दाट क्षारात आपले एकही विकर शाबूत राहणार नाही. त्यांची राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटॅमिक ही दोन आम्लधर्मी अमिनो आम्ले दाटीने बसवलेली असतात. या मण्यांवर ऋण विद्युत्भार असतो. तो भार पाणी आणि पोटॅशियमचे कण दोन्ही धरून ठेवतो, त्यामुळे चहूकडे मिठाचा दुष्काळ असताना या विकराच्या अंगावरचे पाण्याचे पांघरूण टिकते.

यालाही किंमत आहेच. हे विकर गोड्या पाण्यात टाकले तर भोवतालचा क्षार नाहीसा होतो, अंगावरचे ऋण भार एकमेकांना ढकलू लागतात आणि साखळी उलगडून पडते. यातील पुष्कळ जीवांची पेशीही गोड्या पाण्यात फुटते. आपल्या रक्ताचा खारटपणा सलाईनइतका, म्हणजे ०.९ टक्के. मिठागरातल्या जिवाच्या दृष्टीने हे गोडेच पाणी. म्हणून खडेमिठातून असे काही सूक्ष्मजीव पोटात जात असले तरी ते आपल्या शरीरात तग धरत नाहीत आणि त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. खारवलेल्या सुक्या मासळीवर मात्र गुलाबी-लाल चट्टे दिसले तर ती फेकून द्यावी. तेथे या जीवांनी मासळीचे प्रथिन फोडायला घेतलेले असते आणि त्या मासळीत आणखी काय काय वाढले आहे हे बाहेरून कळत नाही.

दुसरी रीत अधिक सुज्ञ आहे. मीठ आत घ्यायचेच नाही, त्याऐवजी पाणी धरून ठेवणारे आणि विकरांना न दुखवणारे सौम्य पदार्थ पेशीत साठवायचे. ग्लिसरॉल, ग्लायसीन बिटेन, एक्टोइन ही त्यांची नावे. एक्टोइन १९८५ मध्ये इजिप्तच्या वादी नत्रून येथील खारट तळ्यांतल्या एका जीवाणूत सापडले आणि आज ते काही नाकातील फवाऱ्यांत आणि डोळ्यांच्या थेंबांत कोरडेपणावर वापरले जाते. या रीतीत विकरे बदलावी लागत नाहीत, म्हणून परिस्थिती पालटली तरी असा जीव अडचणीत येत नाही. त्याची किंमत वेगळी आहे. हे पदार्थ तयार करायला किंवा बाहेरून ओढून घ्यायला शक्ती खर्च होते.

वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून मला सर्वांत मौज वाटली ती ही, की हीच रीत आपल्या मूत्रपिंडातही आहे. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात क्षार आणि युरिया यांची दाटी रक्ताच्या चौपटीपर्यंत जाते, त्याशिवाय लघवी घट्ट करून पाणी वाचवता येत नाही. तेथल्या पेशी मिठागरातच नोकरीला आहेत म्हणा ना. त्या टिकतात, कारण त्याही ग्लायसीन बिटेन, सॉर्बिटॉल, इनोसिटॉल असे सौम्य पदार्थ साठवतात आणि त्यांतले काही पदार्थ युरियाच्या माऱ्यापासून प्रथिनांची घडी सांभाळतात. वय वाढते तशी लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते आणि दुर्दैवाने तहानेची जाणीवही त्याच सुमारास बोथट होते. आजोबा ‘मला तहानच नाही’ म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. म्हणून उन्हाळ्यात त्यांच्या तहानेवर न विसंबता ठरावीक वेळी पाणी पुढे करावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप घालून दिले असेल, तर अर्थात तेच माप पाळावे.

थंडी आणि मीठ दोन्ही एकाच ठिकाणी आली तर? पूर्व अंटार्क्टिकात वेस्टफोल्ड टेकड्यांमध्ये ‘डीप लेक’ नावाचे सरोवर आहे. ३६ मीटर खोल आणि समुद्राच्या सुमारे दहापट खारट. मिठामुळे ते उणे २० अंशांनाही गोठत नाही. या टेकड्या प्रिड्झ उपसागराच्या काठी आहेत. त्याच उपसागराच्या किनाऱ्यावर, लार्समन टेकड्यांमध्ये, भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र २०१२ पासून उभे आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. डीप लेकमधून १९८८ मध्ये ‘हॅलोरुब्रम लॅकसप्रोफुंडी’ या जिवाचे वर्णन झाले. लॅटिन नावाचा अर्थच ‘खोल सरोवराचा’. त्या थंडीत त्याची वाढ इतकी संथ असते, की वर्षभरात जेमतेम सहाएक पिढ्या होतात असा अंदाज आहे. आपल्या ओट्यावर सांडलेल्या दुधात जीवाणूच्या तेवढ्या पिढ्या एका दुपारी होतात.

या जिवाकडे आपल्या परिचयाचे एक विकर आहे. दुधातील साखर फोडणारे, लॅक्टेजच्या गोतावळ्यातले. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातील शिलादित्य दाससर्मा यांच्या गटाने २०१३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार मोलर, म्हणजे जवळजवळ संपृक्त मिठाच्या द्रावणात ते काम करते आणि शून्याच्या खालीही अजिबात थांबत नाही. त्याचा सर्वाधिक वेग मात्र सुमारे ५० अंशांना मिळतो. म्हणजे ‘थंडीतले विकर उष्णतेत लगेच ढासळते’ हा वर सांगितलेला नियम येथे तसाच्या तसा लागू होत नाही, कारण मिठासाठी केलेली बांधणी त्याला आधार देते. उष्ण प्रदेशातील भाऊबंदांशी ताडून पाहता काही थोडे मणी बदललेले दिसतात, पृष्ठभागावरचे काही ऋण भार गळलेले दिसतात. म्हणजे मिठासाठी जे पांघरूण दाट करावे लागते, ते थंडीत हालचाल राहावी म्हणून थोडे विरळ करावे लागते.

दुधाच्या साखरेचा उल्लेख निघालाच आहे म्हणून सांगतो. बालपणानंतर आपल्यापैकी अनेकांचे लॅक्टेज कमी होत जाते आणि पेलाभर दुधाने पोट फुगते, जुलाब होतात. अशांसाठी लॅक्टोजविरहित दूध करताना ते थंड असतानाच त्यातली साखर फोडता आली तर ते नासण्याचा धोका कमी होतो, म्हणून थंडीत चालणाऱ्या अशा विकरांवर संशोधकांचा डोळा आहे. तोवर घरच्या ताज्या दह्याचा आणि ताकाचा मार्ग आहेच. विरजणातील जीवाणू दुधातील बरीच साखर आपल्या आधीच खाऊन घेतात.

आता घरच्या फ्रीजकडे वळू. अंटार्क्टिकातील जीव थंडी आवडणारे आहेत. ते आपल्या ३७ अंशांच्या शरीरात टिकत नाहीत, त्यांच्यापासून आपल्याला भय नाही. भय आहे ते थंडी सोसणाऱ्यांपासून, ज्यांना शरीराची ऊबही चालते आणि फ्रीजही चालतो. ‘लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस’ हा त्यांतला प्रमुख. शून्याच्या आसपासपासून ४५ अंशांपर्यंत तो वाढतो आणि १० टक्के मिठातही तग धरतो. फ्रीजच्या ४ अंशांना त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात, पण ती होते. थंडीत पेशीचे आवरण तुपासारखे थिजू नये म्हणून तो त्यातील स्निग्ध आम्ले बदलतो. त्याचबरोबर अन्नातील ग्लायसीन बिटेन आणि कार्निटीन ओढून घेऊन पेशीत साठवतो. जो पदार्थ मिठागरात पेशीचे पाणी राखतो, तोच लिस्टेरियाला मिठातही उपयोगी पडतो आणि थंडीतही. एका उपायात दोन संकटे भागवणारा हा जीव आहे, आणि तो उपाय त्याला आपल्याच अन्नातून मिळतो.

लिस्टेरियाचा आजार दुर्मीळ आहे हे खरे, पण तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर उपचार होऊनही शंभरात वीस ते तीस रुग्ण दगावतात. गरोदर स्त्रिया, नवजात बालके, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि ६५ वर्षांवरील माणसे यांना तो अधिक गाठतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये त्याची मोठी साथ आली, हजाराहून अधिक रुग्ण झाले आणि दोनशेहून अधिक मृत्यू. उगम निघाला तो ‘पोलोनी’ या, थंडच कापून पावाबरोबर खाण्याच्या मांसपदार्थात. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा लक्षात ठेवावा. जठरातील आम्ल हा अशा जंतूंना अडवणारा पहिला दरवाजा, आणि आम्लपित्तासाठी रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या तो दरवाजा अर्धा उघडा ठेवतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. पण वर्षानुवर्षे केवळ सवयीने चालू असतील तर त्यांची अजून गरज आहे का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारावे.

लिस्टेरिया अंटार्क्टिकातील जिवांइतका नाजूक नाही, तरी स्वयंपाकाच्या आचेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. पदार्थाच्या मध्यापर्यंत ७० अंश उष्णता दोन मिनिटे पोचली की तो मरतो. फ्रीजमधील वरण, भाजी, भात आजोबांना देताना ‘जरा कोमट’ करून देण्याची जी पद्धत आहे, ती म्हणूनच सोडावी. खळखळ उकळी आणावी, दाटसर भाजी झाकण ठेवून मधूनमधून ढवळत वाफ येईपर्यंत गरम करावी, मग निववून द्यावी. तेच भांडे पुन्हा पुन्हा गरम करून पुन्हा पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नये, लागेल तेवढेच काढून घ्यावे. शिजवलेले अन्न दोन दिवसांत संपवावे. कच्च्या दुधाचे पनीर, कापून ठेवलेली फळे, बाहेरून आणलेले थंडच खायचे मांसपदार्थ वृद्धांसाठी टाळलेले बरे. फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या आत आहे ना हे एखाद्या साध्या तापमापकाने बघावे. दरवाजातील कप्पा नेहमीच जरा उबदार असतो, दूध तेथे ठेवू नये. दिवसाकाठी चार तास वीज जाणाऱ्या गावात फ्रीज हे नुसते कपाट ठरते, तेथे रोजचे रोज शिजवणेच इष्ट.

आचेलाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. फ्रीजमधील दूध-पनीर बुळबुळीत आणि कडवट करणारे ‘स्यूडोमोनास’ जातीचे काही जीवाणू प्रथिने फोडणारे विकर बाहेर सोडतात, आणि हे विकर दुधाच्या उकळीलाही दाद देत नाही. जीवाणू मरतो, त्याचे विकर काम करत राहते. हाताच्या जखमेतून अन्नात उतरणारा ‘स्टॅफिलोकोकस’ १० टक्क्यांहून अधिक मिठातही वाढतो आणि त्याने सोडलेले विष उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून बुळबुळीत पनीर धुऊन, तळून वापरू नये. बोट कापलेले असेल तर चिकटपट्टी लावून, हातमोजा घालून मगच अन्नाला हात लावावा.

लोणच्याच्या बाबतीत या भगिनींच्या सासूबाईंचे गणित पक्के होते. भरपूर मीठ, लिंबाचे आम्ल आणि कोरडी बरणी हे तीन पहारे एकदम चुकवणारा जीव विरळा. बरणीत ओला चमचा घालू नये म्हणतात तेही याचसाठी. पाण्याच्या थेंबाभोवती मीठ पातळ होते आणि बुरशीला तेवढा कोपरा पुरतो. हल्ली मात्र एक नवा घोटाळा पाहण्यात येतो. रक्तदाबासाठी म्हणून मीठ निम्मे करून लोणचे घालतात आणि पूर्वीप्रमाणेच फळीवर ठेवतात. मीठ कमी केले तर ते लोणचे राहिले नाही, ती मसाला लावलेली भाजी झाली. ती थोडी थोडी करावी, फ्रीजमध्ये ठेवावी आणि आठवड्यात संपवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. या हिशेबात जुन्या खारट लोणच्याची एक लहानशी फोड अधूनमधून बसू शकते.

काही घरांत याला पर्याय म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणले जाते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला त्याचा रक्तदाबासाठी फायदाच होतो. परंतु हॅलोआर्किया पोटॅशियम कितीही पचवतील, माणसाच्या रक्तात ते लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोल एवढ्याच अरुंद पट्ट्यात असावे लागते. ते चढले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, तेही बहुधा आधी काही लक्षण न दाखवता. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘पोटॅशियम क्लोराइड’ लिहिलेले असते. ज्यांना ते वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे, आणि त्यांची क्रिएटिनिन व पोटॅशियमची शेवटची तपासणी कोणत्या महिन्यात झाली होती तेही फाईल काढून पाहावे.